ट्रेलरचा हीटर रात्री बंद पडतोय, तातडीने मदत हवी

भटकी_आजी (१४ जानेवारी २०२३, पहाटे ४:१० – इथली)
हीटर चालत नाहीये. पंखा फिरतो पण थंडगार हवा मारतो. बाहेर ३७ फॅरनहाइट. गॅस आहे, सिलिंडर परवाच बदलला. तुसॉनला महिनाभर होतो तिथे मेल्याने एकदाही कुरकुर केली नाही. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते म्हणतात सोमवारी सुट्टी, मंगळवारी बघू, आणि तेसुद्धा ट्रेलर आमच्याकडे आणून द्या. सव्वाशे मैल! आमचे हे सत्तरीचे आहेत, दोन रात्री झोप नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी लगेच सांगा. उगाच प्रश्न विचारत बसू नका, फोनही संपत आलाय.

पुणेरी_पगडी
प्रश्न विचारू नका म्हणताय म्हणून विचारत नाही. पण सत्तरीत वाळवंटात पत्र्याच्या डब्यात राहायची हौस कशाला? मोटेलात खोली घ्या आणि झोपा.

भटकी_आजी
झाला पहिला प्रतिसाद. मोटेलवर उत्तर मागितलं नव्हतं. गावात सध्या खोलीही मिळत नाही.

चिऊताई_नाशिक
काकू, "इथली" म्हणजे कुठली? आणि हीटर म्हणजे गीझर की खोली गरम करायचा?

भटकी_आजी
क्वार्ट्झसाइट, अ‍ॅरिझोना. ला पोसाच्या मैदानात, हिवाळ्यात लोक ट्रेलर लावून राहतात तिथे. खोली गरम करायचा, गॅसवरचा, ज्याला इथे फर्नेस म्हणतात. आणखी कुठला असणार?

ट्रेलरवाला_डॅलस
ताई, मी तुमच्याच वेळेच्या आसपास जागा आहे, शिफ्ट चालू आहे. चार गोष्टी सांगा, त्याशिवाय कुणालाच काही कळणार नाही. १) शेगडी पेटते का? २) तुसॉनला वीज जोडलेली होती का? ३) बॅटऱ्या किती, कुठल्या? ४) हीटर संध्याकाळपासूनच बंद असतो की मध्यरात्री बंद पडतो?

कोळ्याचं_जाळं
माझ्या अनुभवाने ९९ टक्के कोळी. गॅसमध्ये जो वास मिसळतात त्याला कोळी आणि गांधीलमाश्या भुलतात म्हणे, बर्नरच्या तोंडात आणि बाहेरच्या नळीत घरटी करतात. आमच्या गाडीत दोनदा झालं. बाहेरची जाळी काढा, दात घासायच्या ब्रशने साफ करा. बाकी काही बघू नका.

लिथियम_सॅन_होजे
बॅटरी शिसेवाली असेल तर आधी ती फेका. आम्ही २०२१ मध्ये २०० अँपिअर-तासांची लिथियम बसवली, तेव्हापासून विषय संपला.

भटकी_आजी
डॅलसवाले, शेगडी झकास पेटते. म्हणून तर दोन बर्नर मोठे करून ठेवलेत, आत्ता जरा ऊब आलीये. तुसॉनला वीज होती, ट्रेलर पार्क होतं ते. संध्याकाळी सातला हीटर छान चालतो. काल पहाटे साडेतीनला बंद पडला, आज दीडलाच. बॅटऱ्या दोन, पिवळ्या झाकणाच्या. आणि मधूनच टूं टूं वाजतं काहीतरी. ते धुराचं यंत्र असेल, ह्यांनी त्याच्यावर टॉवेल टाकलाय.

ट्रेलरवाला_डॅलस
बर्नर आत्ताच्या आत्ता बंद करा. दार उघडा. दोघंही बाहेर ट्रकमध्ये बसा, ट्रकचा हीटर लावा. टॉवेल काढा. मग बोलू.

डॉ_अण्णा
वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. बंद जागेत शेगडी ऊब घ्यायला पेटवायची नसते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं झोप येतेय. दोघांपैकी कुणाला डोकेदुखी असेल तर थेट ९११ला फोन. इथे लिहीत बसू नका.

पुणेरी_पगडी
मोटेल म्हटलं तर राग आला होता.

चिऊताई_नाशिक
पगडी, गप्प बसा हो जरा. काकू, आहात ना? उत्तर द्या.

कोळ्याचं_जाळं
टूं टूं म्हणजे कसं? चारदा वाजून थांबतं आणि परत चारदा, तर कार्बन मोनॉक्साइड. मिनिटातून एकदाच चिर्र, तर त्या यंत्राची बॅटरी.

(वीस मिनिटं कुणाचंच काही नाही.)

भटकी_आजी
ट्रकमध्ये आहोत. फोन चार्जिंगला लावलाय. डोकं वगैरे दोघांचंही ठीक. बर्नर बंद केले, खिडक्या उघड्या टाकून आलो. ओरडलात म्हणून राग नाही, पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी न्यू जर्सीत वीज गेली की आम्ही हेच करायचो.
टॉवेल काढला. छतावरचं यंत्र गप्प आहे, हिरवा दिवा. आवाज जेवायच्या टेबलाखालून येत होता. तिथे तो डबा आहे, बॅटरीवरून घरच्यासारखी वीज करणारा.

ट्रेलरवाला_डॅलस
इन्व्हर्टर. आता समजलं. बॅटरी खाली गेली की तोच बोंबलतो. तुमची बॅटरी मेलीये, हीटर नाही.
असं होतं बघा. हा हीटर पेटायला गॅस लागतो तसा पंखा फिरवायला १२ व्होल्टही लागतात. आत शिडासारखी पत्र्याची एक पट्टी असते. पंख्याचा वारा जोरात लागला की ती दाबली जाते, मगच ठिणगी आणि गॅस सुटतो. व्होल्टेज पडलं की पंखा फिरतो पण मंद, पट्टी दाबली जात नाही, गॅस सुटत नाही. म्हणून थंड हवा. ही सोय मुद्दाम केलेली आहे, नाहीतर आत नुसताच गॅस साचला असता.
तुसॉनला बाहेरची वीज होती म्हणून कळलं नाही. आता सांगा, रात्री त्या इन्व्हर्टरवर काय चालवता?

भटकी_आजी
काहीच नाही. टीव्ही नाही, मायक्रोवेव्ह नाही. दिवेसुद्धा नऊला बंद. फक्त ह्यांचं श्वासाचं मशीन.

डॉ_अण्णा
सीपॅप? आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?

भटकी_आजी
अहो, ते सहा वर्षं रोज चालतं. ते काय सांगायचं असतं? चष्मा लावतात हेही सांगू का?

विद्युत_निवृत्त
मंडळी, मी ३४ वर्षं वीज खात्यात काढली आहेत, ट्रेलर आयुष्यात पाहिला नाही, पण हिशोब मांडतो.
पिवळ्या झाकणाच्या दोन म्हणजे बहुधा गोल्फ गाडीच्या ६ व्होल्टच्या, एकापुढे एक जोडलेल्या. मिळून साधारण २१० अँपिअर-तास. शिसेवाल्या बॅटरीतला अर्धाच माल वापरायचा असतो, म्हणजे हातात १०५.
पंखा ७ अँपिअर, रात्रीच्या दहा तासांत निम्मा वेळ चालला तर ३५. श्वासयंत्राला पाणी गरम करायची सोय असेल आणि ते इन्व्हर्टरवर असेल तर ५ अँपिअर धरा, आठ तास, ४०. फ्रिजचं कंट्रोल, गॅस शोधणारं यंत्र, इन्व्हर्टरची स्वतःची भूक, सगळं मिळून रोजचे ८०.
आता जमेची बाजू. छतावर सौर पॅनल आहे का, किती वॉटचं?

भटकी_आजी
आहे. १०० वॉट. विकणाऱ्याने सांगितलं होतं "भरपूर होईल".

विद्युत_निवृत्त
जानेवारीत तुमच्याकडे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३५ अंश वर असतो, आणि पॅनल छतावर आडवं झोपलेलं. १०० वॉटचं पॅनल ५ अँपिअरच्या जागी ३ देत असेल. दिवसाचे २० आले तर खूप. खर्च ८०, जमा २०. पहिली रात्र गेली, दुसरी कशीबशी, तिसरीला दिवाळं. तिथे किती दिवस झाले?

भटकी_आजी
मंगळवारी आलो. तिसऱ्याच रात्री बंद पडला. तुम्ही आमच्या खिडकीत बसला होतात काय?

लिथियम_सॅन_होजे
म्हणून म्हणालो, लिथियम. तिच्यातला ८०-९० टक्के माल वापरता येतो. वजन निम्म्याहून कमी.

ट्रेलरवाला_डॅलस
लिथियमने खर्च कमी होत नाही साहेब. रोज ६० ची तूट असेल तर मोठा डबा एखादा दिवस उशिरा रिकामा होईल एवढंच. शिवाय शून्य सेल्सियसच्या खाली तिला चार्ज करता येत नाही. ह्या लोकांनी उद्या फ्लॅगस्टाफला जायचं ठरवलं तर? सात हजार फुटांवर जानेवारीत काय होतं माहीत आहे ना?

लिथियम_सॅन_होजे
हल्लीच्या बॅटरीला आत गरम करायची सोय असते. जुनं ज्ञान.

ट्रेलरवाला_डॅलस
आणि ती सोय वीज कुठून घेते?

विदर्भाचा_वाघ
अवांतर: क्वार्ट्झसाइटला आहात तर हाय जॉलीची कबर नक्की पाहा. अमेरिकन सैन्याने १८५६ मध्ये वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर ऑटोमन साम्राज्यातला हाजी अली नावाचा उंटवाला आला. गोऱ्यांना हाजी अली म्हणता येईना, त्याचं हाय जॉली झालं. १९०२ मध्ये तिथेच वारला. दगडी पिरॅमिड आणि वर धातूचा उंट.

चिऊताई_नाशिक
हाजी अली? मला एकदम वरळीचा सिग्नल आठवला.

एच्४_वरून_एच्१
नमस्कार, माझ्या आईबाबांना व्हिजिटर व्हिसावर आरव्ही (राहायची गाडी) भाड्याने मिळते का? भारतातलं लायसन्स चालतं का? कृपया लवकर सांगा, मार्चमध्ये येत आहेत.

ट्रेलरवाला_डॅलस
वेगळा धागा काढा.
ताई, आता उजाडलं की करायचं काम. शेजारी कुणाकडे जनरेटर असेलच, ला पोसात दर तिसऱ्या गाडीकडे असतो. मागा. ट्रेलरची जाड केबल त्याला लावा आणि पाच-सहा तास चालवा. रात्री १० ते सकाळी ६ तिथे जनरेटर बंद ठेवायचा नियम आहे, त्यामुळे दिवसाच. आणि तो दार-खिडकीपासून लांब ठेवा, धूर आत येता कामा नये. चार्जिंगआधी बॅटऱ्यांची झाकणं उघडून पाणी बघा. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला, तेवढ्या बुडतील इतकंच. पूर्ण पातळीपर्यंत भरायचं ते चार्जिंग झाल्यावर. नळाचं नाही.

डॉ_अण्णा
आणि श्वासयंत्र बंद करायचं नाही. पाणी गरम करणारा भाग आणि गरम नळी बंद करा, बहुतेक यंत्रांत तशी सेटिंग असते. दुसरं, त्या कंपनीचा १२ व्होल्टवरून थेट चालणारा अडॅप्टर मिळतो. इन्व्हर्टर मधून निघून गेला की वापर खूपच खाली येतो. वाळवंटातल्या कोरड्या हवेने नाक सुकेल, सलाइनचा स्प्रे ठेवा. त्रास झाला तर आपल्या डॉक्टरांना विचारा, मला नाही.

भटकी_आजी
"पाणी गरम केल्याशिवाय मला झोप येत नाही" असं शेजारच्या सीटवरून सांगण्यात आलं आहे. दोन रात्री कुठे आली होती, असं मी विचारलं. शांतता.

मुक्कामपोस्ट_युमा
मी तुमच्यापासून ८० मैलांवर, युमाला. आमचा सहावा हिवाळा. १८० डॉलरचा परवाना घेतलात की १४ दिवसांचा, ४० चा? सीझनचा असेल तर १५ एप्रिलपर्यंत काळजी नाही. नसेल तर संपल्यावर डोम रॉकला जा, गावाच्या पश्चिमेला, फुकट, १४ दिवस. पण तिथे पाणी नाही, डंप म्हणजे सांडपाणी टाकायची सोय नाही.
दोन गोष्टी कुणी विचारल्या नाहीत तरी सांगते. पॅनल एका बाजूने उचलून दक्षिणेकडे तिरपं करा. आमच्या ह्यांनी हार्डवेअरच्या दुकानातल्या चार पट्ट्यांनी केलं, जवळपास दीडपट वीज येते. ट्रेलर चुकीच्या दिशेला उभा असेल तर फिरवा, जागेला तिथे काय तोटा? आणि गाडी ओहोळात उभी करू नका, कोरडी दिसली तरी. पाऊस डोंगरात पडतो, लोंढा तुमच्याकडे येतो.
इकडे याल तेव्हा ग्रीन कार्ड जवळ ठेवा, परत जाताना ९५ नंबरच्या रस्त्यावर सीमा पोलिसांचं नाकं लागतं. दात करायचे असतील तर सीमेपलीकडे मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेसला चालत जाता येतं, पासपोर्टही लागेल.

पुणेरी_पगडी
हीटरवरून दातांवर.

कोळ्याचं_जाळं
तरीपण बाहेरची जाळी एकदा बघाच.

भटकी_आजी (१५ जानेवारी, सकाळी ८:२०)
काल लिहायला जमलं नाही. शेजारचे आजोबा कॅनडाचे आहेत, सस्कॅचवानहून येतात. जनरेटर मागायला गेले तर म्हणाले, तीन दिवस तुमच्याकडे बघतोय, केव्हा विचाराल याचीच वाट होती. मग स्वतःच काय ते आधी नाही म्हणायचं! सहा तास चालवला. बॅटरीत पाणी खरंच कमी होतं, पट्ट्या दिसत होत्या. दोघांनी मिळून पॅनल तिरपं केलं, खाली विटा लावून, फार वारा सुटला तर काढायचं आहे.
रात्रभर हीटर चालला. पहाटे पाचला उठून मुद्दाम बॅटरीचं व्होल्टेज पाहिलं, १२.२. पाणी गरम करायचं बंद होतं. ह्यांना न सांगता मीच बंद केलं. सकाळी म्हणाले, "आज मशीन मस्त चाललं."
जाळीपण बघितली, कोळी नव्हता. एक मेलेली गांधीलमाशी होती.

कोळ्याचं_जाळं
!!!!

ट्रेलरवाला_डॅलस
छान. १२.२ म्हणजे साठ टक्क्यांच्या आत-बाहेर. रोज याच्या खाली जाऊ देऊ नका.

चिऊताई_नाशिक
काकू, त्या आजोबांना काय दिलंत?

भटकी_आजी
भाजणीचं थालीपीठ. शेगडीवर, दार उघडं ठेवून, डॉक्टरसाहेब. लोणी संपलंय म्हणून दही. त्यांनी विचारलं हे कशाचं, तर मी दहा धान्यं मोजून सांगताना मेथीपाशी अडकले.
हाजी अलीलाही जाऊन आलो. उंट आहे खरंच, गोड आहे.
आता शेवटचा प्रश्न. आजोबा ३० तारखेला जाणार, मग जनरेटर आपलाच लागेल. आमच्या वयाच्या माणसाला उचलता येईल असा, २००० वॉटचा पुरे होईल का? एसी चालवायचा नाही. लिथियमवाल्यांनी कृपया उत्तर देऊ नये.

लिथियम_सॅन_होजे
जनरेटरला पेट्रोल लागतं, एवढंच सांगतो.

एच्४_वरून_एच्१
लायसन्सचं कुणी सांगेल का?