कॉइल बदलण्याआधी आकडेमोड करा

'३ किलोवॉटच्या इन्स्टंट गीझरमधून शॉवरला कोमट पाणी येतं, म्हणजे कॉइल गेली' हे निदान मला घाईचं वाटतं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. गीझर कुठल्याही कंपनीचा घ्या, यात फरक पडत नाही. ३ किलोवॉट म्हणजे मिनिटाला १८० किलोज्यूल; भागिले ४.२, साधारण ४३. म्हणजे मिनिटाला एकच लिटर पाणी सोडलंत तर ते ४३ अंशांनी तापेल, पण सहा लिटर पाणी सोडलंत तर तापमान जेमतेम सात अंशांनी वाढणार. नवी कॉइल टाकली तरी तेवढंच!

एक लिटरचं भांडं शॉवरखाली धरून सेकंद मोजा. दहा सेकंदांत भरलं तर प्रवाह सहा लिटरचा. आता ते भरायला तीस सेकंद लागतील (म्हणजे मिनिटाला दोन लिटर) इतका नळ बारीक करा आणि आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान घ्या. फरक एकवीस अंशांच्या आसपास आला तर कॉइल ठणठणीत आहे. बराच कमी आला तर आधी व्होल्टेज बघा, कारण ते १० टक्के पडलं की शक्ती १९ टक्के घटते. (प्रवाह फारच कमी झाला तर काही गीझर आपोआप बंद होतात, तो बिघाड समजू नका.)

आणि पाणी वापरतानाच तापलं पाहिजे, हेही गृहीतकच. १५ लिटरची टाकी २० वरून ६० अंशांवर न्यायला याच ३ किलोवॉटला १४ मिनिटं लागतात, आणि त्यात गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं ३० लिटर मिळतं.