टोकियोसाठी गाईडबुक सुचवा (अ‍ॅप नको, पुस्तकच हवं)

रेवा_तिकडची
टोकियोचं एखादं चांगलं गाईडबुक हवंय. इंग्रजी चालेल, मराठीत असलं तर सोन्याहून पिवळं. नकाशे नीट, अक्षर मोठं, वजन कमी. शनिवार संध्याकाळपर्यंत हातात पडायला हवं, रविवारी विमान आहे.
काल अप्पा बळवंत चौकात दीड तास पायपीट केली. एका दुकानात बँकॉकचं काढून दिलं, वर "तिकडंच आहे ना ते?" दुसरीकडे टोकियोचं होतं, पण चाळल्यावर जुनाट वाटलं, ठेवून दिलं.
अ‍ॅप सुचवू नका, हात जोडते.

पेठेतला_एक
किती दिवस? कोण कोण? राहणार कुठे? खाण्याचं काय? लोक धागा काढतात की तार करतात, कळत नाही.

रेवा_तिकडची
सहा आठवडे. दोन माणसं. बाकीच्याचा पुस्तकाशी काय संबंध?

बाइट_बंडू
ताई, पुस्तक छापून बाजारात येईतो त्यातली निम्मी हॉटेलं बंद पडलेली असतात. शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर दारं आहेत. कुठल्या दारानं बाहेर पडायचं ते फोन सांगतो, पुस्तक नाही. ई-सिम घ्या आणि मोकळ्या व्हा.

रेवा_तिकडची
शेवटची ओळ वाचलीत का माझी?

भटकभवानी
बंडू, शिंजुकूच्या पोटात शिरल्यावर तुझ्या फोनलाच कळत नाही तो कुठे आहे. निळा ठिपका नुसता भिरभिरत होता माझा. शेवटी भिंतीवरचे बाहेर पडायचे पिवळे फलक वाचत वर आले.
रेवा, जुनं पुस्तक ओळखायची माझी रीत सांगते. आवृत्तीचं साल बघू नकोस, त्सुकिजीचं पान उघड. पहाटे उठून तिथे ट्यूनाचा लिलाव बघायला जा असं लिहिलं असेल तर मिटून ठेव. तो घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये तोयोसूला गेला. त्सुकिजीला बाहेरच्या दुकानांच्या गल्ल्या तेवढ्या राहिल्यात (त्या मात्र चुकवू नकोस). मग टीमलॅब बॉर्डरलेस (डिजिटल कलेचं संग्रहालय) कुठे दाखवलंय ते बघ. ओदाइबाचं २०२२ मध्ये बंद झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये आझाबुदाई हिल्सला उघडलं. आणि सात दिवसांचा जपान रेल पास तीस हजार येनच्या आत दिला असेल तर तो मजकूर ऑक्टोबर २०२३ च्या आधीचा. त्या महिन्यात तो एकदम पन्नास हजार झाला.

रेवा_तिकडची
होता लिलाव! पहाटेच कसं पोचायचं त्यासकट. वाचले मी. आभार.

कट्ट्यावरचे_काका
लोनली प्लॅनेट. डोळे झाकून घ्या. १९७३ पासून हाच धंदा आहे त्यांचा.

चित्रगुप्त
डोळे झाकून घ्यायचं तर पुस्तक कशाला, काका? डीके आयविटनेसची मालिका बघा. देवळांची, राजवाड्यांची छपरं उघडून आतलं दाखवणारी चित्रं असतात. असाकुसाच्या सेन्सोजी देवळाचं आवार कसं मांडलंय हे दहा परिच्छेद वाचून कळत नाही ते एका चित्रात कळतं.

कट्ट्यावरचे_काका
चित्रं बघायला घरात कॅलेंडर आहे. प्रवासात मजकूर लागतो.

चित्रगुप्त
आणि त्या बारीक मजकुराला भिंग लागतं. रेवाताईंनी मोठं अक्षर म्हटलंय, तुम्ही वाचलं नसावं. अक्षर बारीक असल्यामुळे असेल.

उकडीचा_मोदक
शाकाहारी असाल तर आधी 'दाशी' समजून घ्या. भाजी घातलेलं सूप म्हणून पुढ्यात येतं, पण पाणी असतं बोनिटो माशाच्या सुकवलेल्या कापांचं. मिसो सूप, उदोन नूडल्स, सोबा नूडल्सची बुडवायची चटणी, सगळीकडे तेच. "मासे नकोत" म्हटलं तर वरचा तुकडा काढून देतात, खालचं पाणी तेच. कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीची दाशी चालते, देवळांतलं शोजिन र्योरी चालतं. जाताना मेतकूट आणि भाजणी न्याच.

कट्ट्यावरचे_काका
प्रश्न पुस्तकाचा आहे.

उकडीचा_मोदक
मग ज्या पुस्तकात दाशीचं पान नाही ते घेऊ नये. झालं पुस्तकाचं उत्तर.

मंदा_मावशी
पुलंचं 'पूर्वरंग' कुणालाच कसं आठवलं नाही? जपान आहे त्यात. मराठीत हवं म्हणाली ना ती?

बाइट_बंडू
मावशी, ते आलं तेव्हा शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेनसुद्धा धावत नव्हती. ती १९६४ ची.

मंदा_मावशी
गाडी नव्हती, माणसं होती ना? विमानात वाचायला म्हणून सांगतेय. तुम्ही बघत बसा तुमचा निळा ठिपका.

निशीकसाईकर
रेवा, कुठे राहणार हे पेठेतल्यांनी उगाच नाही विचारलं. असाकुसाला राहणाऱ्याला एक पुस्तक लागतं, किचिजोजीला राहणाऱ्याला वेगळं.

रेवा_तिकडची
निशी-कसाईला. माझ्याच घरी. तीन वर्षं तिथेच राहतेय.

पेठेतला_एक
थांबा. तुम्ही टोकियोत राहता आणि टोकियोचं पुस्तक अप्पा बळवंत चौकात शोधताय?

बाइट_बंडू
😂😂 धागा वाचनखुणेत साठवला आहे.

रेवा_तिकडची
हसा. पुस्तक माझ्यासाठी नाही, बाबांसाठी आहे. आई-बाबा पहिल्यांदाच येताहेत. मी आठवडाभर ऑफिसात, रात्री आठला घरी. बाबा एकाहत्तर वर्षांचे, मध्य रेल्वेतून निवृत्त, चालायला खणखणीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. फोन फक्त बोलायला वापरतात. गूगल मॅप दाखवला तर म्हणाले, "मी वळलो की हा पण वळतो, हा कसला नकाशा?" पुस्तक नसेल तर सहा आठवडे गॅलरीत बसून राहीन, अशी धमकी आहे. मी स्वतः तीन वर्षं फोनच्या मागे चालतेय. घरापासून स्टेशन सोडलं तर मला उत्तर दिशा कुठली तेही सांगता यायचं नाही.

भटकभवानी
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंस गं?

पेठेतला_एक
मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं. नोंद असावी.

निशीकसाईकर
मग आतापर्यंतची सगळी उत्तरं रद्द समजा. गाईडबुकं चार दिवसांत शिबुया, असाकुसा, मेइजी देऊळ उरकणाऱ्यासाठी असतात. तुमच्या बाबांच्या, म्हणजे काकांच्या हातात नकाशांचं पुस्तक द्या, ज्यात प्रत्येक नाव इंग्रजी आणि जपानी दोन्ही लिप्यांत छापलंय. दोन्ही लिप्या यासाठी, की वाट चुकली तर पानावर बोट ठेवून समोरच्या आजोबांना विचारता येतं. नुसतं इंग्रजी नाव दाखवलं तर ते आजोबा बिचारे घामाघूम होतात.
त्याआधी पत्त्याची भानगड समजावून द्या, नाहीतर काका रस्त्यांची नावं शोधत बसतील. तिथे बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. आधी वॉर्ड, त्यात मोहल्ला, त्याचा चोमे म्हणजे भाग, मग ठोकळ्याचा नंबर, मग त्या ठोकळ्यातल्या इमारतीचा. नंबर ठोकळ्याला असतो, रस्त्याला नाही. आपल्याकडे "अमुक पेठ, तमुक घरनंबर" म्हणतात त्याच्या जवळ जाणारं. पुण्याच्या माणसाला हे टोकियोत नव्यानं आलेल्या अमेरिकन माणसापेक्षा लवकर कळतं, असा माझा अनुभव.
आणि पुस्तक पुण्यात शोधू नका. तुमच्या दारातली मेट्रोची तोझाई लाइन सरळ ओतेमाचीला जाते, गाडी बदलायची नाही. स्टेशनांचे नंबर: निशी-कसाई टी-१६, ओतेमाची टी-०९. तिथून जमिनीखालूनच ओआझो इमारतीत शिरता येतं, मारुझेनचं मोठं दुकान तिथेच आहे. चौथ्या मजल्यावर परदेशी भाषांतली पुस्तकं. काकांना सोबत न्या आणि त्यांचं त्यांना निवडू द्या. अक्षर त्यांच्या डोळ्यांना लागायला हवं, आपल्या नाही.
फुकटातलं हवं तर असाकुसाला कामिनारिमोनच्या (सेन्सोजीच्या वेशीच्या) समोर माहिती केंद्र आहे, तिथे नकाशे मिळतात. आठव्या मजल्याच्या गच्चीतून सेन्सोजीचा रस्ता नाकासमोर दिसतो, पैसे लागत नाहीत.

बाइट_बंडू
तरी पण वेलकम सुइका, ते पर्यटकांचं प्रवासाचं कार्ड...

निशीकसाईकर
ते अठ्ठावीस दिवसच चालतं. सहा आठवड्यांना साधं सुइका घ्या, पाचशे येन अनामत ठेवून.

रेवा_तिकडची
मारुझेनवरून मी आठवड्यातून पाच वेळा जाते. एकदाही आत गेले नाही. 🤦

मंदा_मावशी
सगळं बाबांचंच चाललंय. आई काय करणार सहा आठवडे?

रेवा_तिकडची
आईचे प्रश्न दोनच. निशी-कसाईत मेथी मिळते का, आणि मिळते तर केवढ्याला. शिवाय "कसाई" नावाच्या गावात मुलगी राहते हे नातेवाइकांना कसं सांगायचं, हा जुनाच.

निशीकसाईकर
भारतीय किराणा चालत जायच्या अंतरावर आहे, रेवाला ठाऊक असणारच. मेथीचा भाव मात्र आईंना सांगू नका, तिथेच बसतील.

रुळावरचा_रघू
उशिरा आलो. काका मध्य रेल्वेचे म्हणताय आणि तुम्ही त्यांना देवळं कसली दाखवताय? तुमच्या पुढचंच स्टेशन कसाई, टी-१७. तिथे रुळांच्या पुलाखालीच भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. टोकियोची पहिली भुयारी गाडी ३० डिसेंबर १९२७ ला उएनो ते असाकुसा धावली, तिचा पिवळा डबा तिथे उभा आहे. गाडी चालवण्याचा सिम्युलेटर आहे, पोरांच्या रांगेत काकांना उभं करा. सोमवारी बंद असतं. दुसऱ्या दिवशी आराकावा लाइनची ट्राम, लोकांच्या परसदारांतून जाते.
आणि अ‍ॅटलस घ्यायला मारुझेनला जाल तेव्हा काकांना 'जिकोकुह्यो' दाखवा. साऱ्या जपानच्या गाड्यांचं छापील वेळापत्रक, १९२५ पासून निघतंय, अजूनही महिन्याच्या महिन्याला. सगळं जपानीत आहे, पण आकडे आणि गाड्यांच्या ओळी रेल्वेवाल्याला वाचता येतात.

रेवा_तिकडची
रघू, हा प्रतिसाद बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. चहा बाजूला ठेवून त्यांनी वहीत "सोमवार बंद" लिहून घेतलं. आता विचारताहेत की त्या वेळापत्रकाची पानं किती.

रुळावरचा_रघू
हजाराच्या आसपास.

रेवा_तिकडची
म्हणजे परत येताना तेवीस किलोंपैकी किती त्याचे? मी वजन कमी हवं म्हणून धागा काढला होता.
म्हणाले, दोन महिन्यांचे अंक घेऊ, फरक तपासता येतो.

घाईघाईत
पूर्ण धागा वाचला नाही, पण माझ्याकडे बँकॉकचं आहे, नव्यासारखं. हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.