मदत हवी आहे : इमारतीखालच्या किराणा दुकानात लहान मुलगा कामाला आहे, तक्रार करावी का?

तिसरा मजला

नमस्कार. मी पुण्याच्या एका उपनगरात राहतो. आमच्या इमारतीखाली किराणा दुकान आणि त्याला लागून पिठाची गिरणी आहे. दोन्ही घरचेच आहे; नवरा, बायको आणि नवऱ्याचे वडील मिळून ते चालवतात. एप्रिलपासून तेथे एक लहान मुलगा काम करतो आहे. सकाळी दुधाच्या पिशव्या उतरवण्यापासून रात्री साडेदहाला शटर ओढण्यापर्यंत तो दुकानातच दिसतो. सुट्टीसाठी आला असेल असे मी धरून चाललो होतो, परंतु जून संपत आला तरी तो तेथेच आहे. गिरणीवरचा माणूस काम सोडून जात आहे आणि सोमवारपासून हा मुलगाच गिरणी सांभाळणार, असे काल मालकांनी माझ्यादेखत सांगितले.

हे लोक वाईट नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत माझ्या आईची औषधे त्यांनीच आणून दिली होती, हे मी विसरू शकत नाही. तरीही मला रात्री झोप लागत नाही. तक्रार करावी की नाही, आणि करायची तर कोठे, एवढेच सांगावे. सोमवारच्या आत ठरवायचे आहे.

कायदेअभ्यासक

आपण तीन गोष्टी लिहिलेल्या नाहीत आणि त्या कळल्याशिवाय उत्तर देणे शक्य नाही. मुलाचे वय किती आहे? दुकानदाराशी त्याचे नाते काय आहे? आणि तो शाळेत जातो का?

वाणसामान

माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी किराणा दुकान होते. मी नऊ वर्षांचा असल्यापासून शाळा सुटली की गल्ल्यावर बसत असे. पुड्या बांधणे, काटा धरणे, उधारीची वही लिहिणे हे सर्व मी तेथे शिकलो आणि त्याच दुकानाने आम्हा तिघा भावंडांचे शिक्षण केले. घरच्या दुकानात मूल हाताखाली असणे म्हणजे बालमजुरी नव्हे. कायद्यानेसुद्धा कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवलेली आहे. तक्रार करून एका कुटुंबाला पोलीस ठाण्याच्या चकरा मारायला लावण्यापूर्वी आपण शांतपणे विचार करावा.

खडूफळा

वाणसामान, आपण स्वतःच लिहिले आहे की आपण शाळा सुटल्यावर दुकानात बसत होता. धागाकर्त्यांनी वर्णन केलेला मुलगा सकाळच्या दुधापासून रात्रीच्या शटरपर्यंत तेथे आहे. तो शाळेत जातो कधी? मी एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. "मामाकडे राहून शिकेल" असे सांगून ज्यांना शहरात पाठवले गेले, त्यांपैकी किती मुले शिकली आणि किती मुले कायमची दुकानाची झाली, हे मी वर्गातल्या रिकाम्या जागांवरून मोजले आहे. म्हणून मी सांगतो, तक्रार करा.

तिसरा मजला

वयाने एवढा काय फरक पडतो हे मला समजत नाही. मूल आहे हे डोळ्यांना दिसते. तरीही आपण विचारले म्हणून सांगतो. मुलगा म्हणतो की दिवाळीनंतर त्याला चौदा पूर्ण होतील, आणि मालक म्हणतात की तो पंधराचा आहे. मालकांना तो मामा म्हणतो. सातवीपर्यंत बीड जिल्ह्यात गावच्या शाळेत शिकला. येथे शाळेत नाव घातलेले नाही. आता कोणी उत्तर देईल का?

सकारात्मक

आपण त्या दुकानातून खरेदी बंद करावी आणि शेजाऱ्यांनाही बंद करायला सांगावे. आजकाल सर्व सामान घरपोच मिळते. गिऱ्हाईक तुटले की दुकानदार आपोआप ताळ्यावर येतो.

तिसरा मजला

खरेदी कोठून करावी हा माझा प्रश्न नाही. दुकान चालेनासे झाले तर पहिला घराबाहेर पडणारा तो मुलगाच असेल.

कायदेअभ्यासक

वयाने फार मोठा फरक पडतो. बाल व किशोरवयीन कामगारांविषयीचा मूळ कायदा १९८६ चा आहे आणि २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. चौदा ते अठरा या वयातील मुलांना धोकादायक कामावर ठेवता येत नाही. इतर कामावर ठेवल्यास तासांचे बंधन असते. म्हणजे मालक पंधरा म्हणतात आणि मुलगा तेरा म्हणतो, या दोन वर्षांत सगळा खटला मावतो. वयाचा दाखला नसेल आणि वाद झाला, तर वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वय ठरवून घेण्याची तरतूद कायद्यात आहे.

वाणसामान यांनी सांगितलेली मुभा खरी आहे, पण ती अर्धीच सांगितली आहे. चौदा वर्षांखालील मूल कुटुंबाच्या व्यवसायात मदत करू शकते ते केवळ शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि तेही काम धोकादायक नसेल तर. २०१७ च्या नियमांनी त्यावर आणखी अटी घातल्या : संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत नाही, विश्रांती सोडून दिवसाला तीन तासांहून अधिक नाही, आणि शिक्षणात कोणत्याही प्रकारे व्यत्यय येईल असे नाही. रात्री साडेदहाला शटर ओढणारा मुलगा यांपैकी एकाही अटीत बसत नाही.

आता नात्याविषयी. या कायद्यात कुटुंब म्हणजे आई, वडील, भाऊ, बहीण आणि आईवडिलांची भावंडे. आपल्याकडे मात्र आईच्या मावसभावाला, मामेभावाला आणि कित्येकदा आईच्या माहेरच्या गावातील कोणालाही मामा म्हणतात. दुकानदार मुलाच्या आईचा सख्खा भाऊ आहे का, हे कृपया विचारून सांगावे. सख्खा नसेल, तर कुटुंबाची ही सवलत लागूच होत नाही. सख्खा असला, तरी शाळा बुडवून काम करून घेण्याची परवानगी त्यालाही नाही.

वाणसामान

कागदावरची ही व्याख्या कोणी केली मला माहीत नाही, परंतु आमच्याकडे मावसभाऊ आणि सख्खा भाऊ यांत असा भेद कोणी करत नाही. माझ्या आईच्या मावसभावाने आमच्यासाठी जे केले, ते सख्ख्यांनी केले नाही. नात्याची किंमत सरकारने ठरवू नये.

खडूफळा

आपल्या आईच्या मावसभावाविषयी मला आदर आहे. परंतु त्यांनी आपल्याला शाळेतून काढून गिरणीवर उभे केले नसावे. प्रेम असलेल्या घरातही मुलाची शाळा सुटू शकते आणि सुटते, म्हणूनच कायद्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते. तशातच ही गिरणी आहे. चालू गिरणीच्या पट्ट्यात सदऱ्याची बाही जायला निमिषही लागत नाही. मी शिकवत असलेल्या एका गावात एका मुलाची दोन बोटे अशीच गेली, आणि तोही घरच्याच गिरणीवर होता. ते काम कायद्याच्या यादीत धोकादायक म्हणून येते की नाही, हे पुढे पाहता येईल. सोमवारपासून त्याला तेथे उभे राहू देऊ नये.

गोदाकाठ

मी त्याच जिल्ह्याचा आहे, म्हणून थोडे निराळे लिहितो. वडील आहेत का? आई काय करते? हे कोणीही विचारलेले नाही. आमच्या तालुक्यांतून दसऱ्यानंतर कोयता घेऊन हजारो जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या मुलांना म्हातारी आजी सांभाळते, किंवा ती फडावर जातात, किंवा कोणीतरी "मामा" त्यांना शहरात घेऊन जातो. या तिन्ही वाटांपैकी तिसरी आईला सर्वांत सुरक्षित वाटते, कारण तेथे मुलगा निदान छपराखाली झोपतो आणि दोन वेळा जेवतो. उद्या धाड पडली आणि मुलाला परत पाठवले, तर तो पटावर येईल की नोव्हेंबरात उसाच्या फडात दिसेल, याचा विचार आधी व्हावा. मी तक्रारीच्या विरोधात नाही. मुलाला सोडवून पुढे कोठे ठेवायचे हे न ठरवता केलेल्या तक्रारीच्या विरोधात मी आहे.

जागरूक नागरिक

इतकी चर्चा कशासाठी? मुलगा पोती उचलताना चित्रफीत काढा आणि समाजमाध्यमांवर टाका. दोन तासांत यंत्रणा हलेल.

कायदेअभ्यासक

कृपया असे अजिबात करू नका. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणे २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे. शिवाय ती चित्रफीत त्या मुलाच्या मागे जन्मभर राहील.

गोदाकाठ यांच्या शंकेचे उत्तर त्याच कायद्यात आहे. सोडवलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समिती घरच्या परिस्थितीचा सामाजिक अहवाल मागवते, मूळ जिल्ह्याच्या समितीकडे प्रकरण पाठवू शकते, आणि मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानावा असे कायदाच सांगतो. पालकांना पहिल्या वेळी शिक्षा होत नाही, हे त्या आईपर्यंत पोहोचले तर तिची निम्मी भीती जाईल. दुकानदाराला मात्र सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते, हे धागाकर्त्यांनी जाणून घेऊनच पाऊल उचलावे.

तिसरा मजला

आज दुपारी मालक नसताना मी त्यांच्या पत्नीशी बोललो. मुलाचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. आई ऊसतोडीला जाते. दुकानदार हे तिचे मावसभाऊ आहेत. पगार असा देत नाहीत. "त्याच्या नावाने बाजूला ठेवतो आहोत" असे त्या म्हणाल्या. शाळेचे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की दाखला गावाहून आला नाही म्हणून येथे नाव घालता आले नाही. मुलगा शेजारीच गोण्या रचत होता. त्याने मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

मालकांशी आधी बोलावे की सरळ तक्रार करावी?

गोदाकाठ

आधी बोला. टाळेबंदीत आपल्या आईसाठी जो माणूस बाहेर पडला, तो ऐकून घेईल. वडील नसल्यामुळे हा मुलगा राज्याच्या बालसंगोपन योजनेसाठी अर्ज करू शकतो. त्यात मुलाच्या पालनपोषणासाठी दरमहा अनुदान मिळते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली आहे, तेथेही चौकशी करता येईल. आईला हे कोणी सांगितलेले नसणार.

खडूफळा

बोलण्यात धोका आहे. मालक घाबरले तर मुलाला एका रात्रीत दुसऱ्या गावच्या दुसऱ्या मामाकडे पाठवतील आणि मग तो कोणालाही सापडणार नाही. हे मी घडताना पाहिले आहे. आधी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा, मग हवे तितके बोला.

दाखल्याचे कारण तर टिकणारेच नाही. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० पासून लागू आहे आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, असे त्याच्या कलम ५ मध्ये आहे. महापालिकेच्या जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. सातवी उत्तीर्ण मुलाला ते आठवीत बसवून घेतील आणि दाखला मागाहून मागवतील.

कायदेअभ्यासक

१०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि आता शासकीय यंत्रणेमार्फत चालते. कळवताना आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करावी. मुलाचे अंदाजे वय, दुकानाचा पत्ता, कामाच्या वेळा, तो झोपतो कोठे आणि सोमवारपासून गिरणीवर जाणार आहे ही बाब, एवढे स्पष्ट सांगावे. वडील नाहीत आणि आई बीड जिल्ह्यात आहे, हेही सुरुवातीलाच सांगावे. "बाजूला ठेवलेल्या" पैशांचाही उल्लेख करावा, कारण मुलाची कमाई अडकवून ठेवणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७९ खाली वेगळा आणि अधिक गंभीर प्रश्न होऊ शकतो.

वाणसामान

मी माझे आधीचे मत थोडे मागे घेतो. वडील गेलेला, शाळेत नाव नसलेला आणि पगार हातात न मिळणारा मुलगा म्हणजे गल्ल्यावर बसणारा मी नव्हे. तरीही एक विनंती आहे. दुकानदाराला गुन्हेगार समजून बोलू नका. त्याच्याकडेही उन्हाळ्यापासून माणूस मिळत नसेल.

तिसरा मजला

काल रात्री १०९८ वर कळवले. समोरच्या बाईंनी पहिला प्रश्न वयाचा विचारला आणि दुसरा नात्याचा. येथे मी ज्या प्रश्नांवर चिडलो होतो, तेच प्रश्न होते. मुलगा आता, या क्षणी, मशीनजवळ आहे का, असेही त्यांनी दोनदा विचारले.

आज सकाळी मालकांशी बोललो. मी कळवले आहे हेही त्यांना सांगितले, कारण त्यांच्यापासून लपवून पुढे रोज त्यांच्याच काट्यावर साखर घेणे मला जमले नसते. ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "बहिणीला मी काय तोंड दाखवू?" मग त्यांनी तिला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. तिने एकच विचारले, पोराला शाळेत घालायला पैसे किती लागतील. लागत नाहीत, असे मी सांगितले तेव्हा तिला खरे वाटले नाही.

सोमवारी गिरणी बंद राहील असे मालक म्हणाले आहेत. अकरा वाजता मी, मालक आणि मुलगा महापालिकेच्या शाळेत जाणार आहोत. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे लोकही सोमवारीच येतील असे फोनवर सांगितले आहे, पण वेळ दिलेली नाही. बालसंगोपन योजनेचा अर्ज पुण्यात करायचा की आईने बीडमध्ये, हे कोणाला माहीत असल्यास कृपया आजच कळवावे.