रिपीटरवर चाललेल्या गप्पांत शिरायचं कसं?

हँडी_धायरी
नमस्कार. हॅम रेडिओचं (हौशी वायरलेसचं) रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स नुकतंच हातात आलं, व्हीयू थ्रीनं सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतली ओळख, मिळाला. पाच वॅटचा हँडी (हातातला सेट) आहे आणि गच्चीवरून डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल पुढे पाठवणारा सेट, व्यवस्थित उघडतो. सकाळी रोज ऐकतो. सगळी ज्येष्ठ मंडळी; एकाचं संपतं न संपतं तोच दुसऱ्याचं सुरू. मध्येच बोलणं उद्धटपणाचं वाटतं. नुसतं पीटीटी (बोलायचं बटण) दाबून रिपीटर उघडणारा टोन लागतोय का बघावं, तर तेही पटत नाही. परीक्षेला थिअरी आणि नियम होते, पण यातलं काही नव्हतं. रिपीटरवर सीक्यू, म्हणजे ‘कुणीही उत्तर द्या’ अशी हाक, देतात का? एका वेळी किती बोलावं? जाणकारांनी सांगावं.

बॅटरीवाला_काका
तुम्हाला शिरायला फट सापडत नाही यात दोष तुमचा नाही, फट न ठेवणाऱ्यांचा आहे. आम्ही तिघंचौघं एका रिपीटरची देखभाल करतो, बॅटऱ्या पाठीवर घेऊन डोंगर चढतो, म्हणून हे तळमळीनं लिहितोय.

दोन मीटरच्या बँडवर रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ पलीकडे तेच परत पाठवतो. तुम्ही पीटीटी सोडलं तरी त्याचा कॅरिअर (आवाज वाहून नेणारी रेडिओलहर) थोडा वेळ हवेत राहतो, ती टेल. ती पडू द्या, मग एक श्वास घ्या, मग बोला. एकेकाच्या बोलण्याची वेळ मोजणारा रिपीटरचा टायमर बहुतेक ठिकाणी त्या फटीतच शून्यावर येतो. आमचा तीन मिनिटांवर लावलेला आहे; त्यापुढे बोलत राहिलात तर तो तुम्हाला तोडतो आणि तुम्ही भिंतीशी बोलत बसता. शिवाय एफएममध्ये तुम्ही बोला की गप्प राहा, कॅरिअर पूर्ण ताकदीनंच जातो. वरचा सेट तापतो, बॅटरी उतरते आणि पावसाळ्यात सोलर पॅनेलचा फारसा भरवसा नसतो. मी तरी मिनिटभराच्या आत सोडतो.

पण फट ठेवायची ती खरं तर बॅटरीसाठी नाही. राजगडाच्या बाजूला एखाद्या दरीत कुणाचा पाय मोडलाय, मोबाईलला रेंज नाही, हातात अर्धी उतरलेली हँडी आहे असं समजा. एसएसबीवर, म्हणजे आवाज पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीत, मोठ्या सिग्नलखालून बारीक आवाज निदान कानावर येतो. एफएमचा रिसीव्हर मात्र जोरदार सिग्नल पकडतो आणि दुबळ्याला पार पुसून टाकतो. शहरातून पन्नास वॅटवर दोघंजण पाठोपाठ बोलत असतील, तर तो माणूस कितीही हाका मारू दे, कुणालाही कळणार नाही. त्याच्या वाट्याला येते ती तेवढी दोन सेकंदांची फट. ती भरून टाकणाऱ्याला मी नेटवर (हवेतल्या ठरलेल्या बैठकीत) सगळ्यांसमोर टोकतो, मग तो कितीही जुना व्हीयू टू, म्हणजे वरच्या ग्रेडचा, असो.

आता तुमचं. त्या फटीत फक्त आपला कॉलसाइन एकदा सांगा आणि थांबा. पुढचा स्टेशन तुम्हाला बोलावेल; बोलावलंच पाहिजे. ‘ब्रेक’ हा शब्द मी अडचणीतल्या माणसासाठी राखून ठेवतो. सीक्यूची इथे गरज नाही, ‘कॉलसाइन, ऐकतोय’ एवढं पुरे. टोन तपासायचा असेल तर खुशाल तपासा, पण कॉलसाइन सांगून. निनावी खटका ऐकला की डोंगरावर काही बिघडलं का, या काळजीनं आम्ही दिवसभर सेटजवळ बसतो. आणि पीटीटी दाबल्यावर क्षणभर थांबून बोला. टोन ओळखून रिपीटर उघडेपर्यंत तुमच्या कॉलसाइनचा पहिला ‘व्हिक्टर’ (व्ही) गिळला गेलेला असतो.

वायएल_कोकण
काकांशी सहमत. सिग्नलच्या रिपोर्टबद्दल एक सांगते. रिपीटरवरून ‘फाइव्ह नाइन’ (स्पष्ट आणि जोरदार) देऊ नका. तुमच्या मीटरवर दिसतो तो रिपीटरचा सिग्नल, समोरच्या स्टेशनचा नव्हे. ‘आवाज स्वच्छ आहे’ किंवा ‘खरखर येते, खिडकीजवळ जा’ असं सांगितलं तर त्याला उपयोग होतो.

आणि आपत्तीच्या नेटवर नेट कंट्रोलनं (नेट चालवणाऱ्यानं) विचारल्याशिवाय पीटीटीला हात लावू नये. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांची हॅम टीम पोर्ट ब्लेअरला होती. अंदमानमधून कित्येक वर्षांनी कुणी हॅम हवेत आला होता, जगभरचे हॅम त्या एका संपर्कासाठी टपलेले. ते सगळं थांबवून टीमनं लोकांच्या खुशालीचे निरोप पाठवायला घेतले. तो मामला एचएफचा (लांब पल्ल्याच्या लघुलहरींचा) होता, पण अशा वेळी ‘मी पण आहे, मदत हवी का’ म्हणणारे पन्नास आवाज जमले तर निरोप जाणार कसा?

हँडी_धायरी
काका, ताई, मनापासून आभार. उद्या सकाळी फट बघून कॉलसाइन देतो. अजून एक शंका. माझा मित्र नांदेड सिटीत आहे, त्याच्याशी रिपीटरवरून तासभर बोललं तर चालेल का?

बॅटरीवाला_काका
जवळच आहे की तो! हँडीवर रिव्हर्सचं बटण असतं, ते दाबलं की रिपीटरची इनपुट ऐकू येते. मित्र बोलत असताना दाबून बघा. थेट ऐकू आला तर दोघांनी रिकामी सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलायची) फ्रिक्वेन्सी बघून तिकडे जा, पॉवर कमी करा आणि हवं तेवढं बोला. ऐकू आला नाही तर आधी रबर डक (हँडीचा आखूड अँटेना) बदलून गच्चीवर साधी ग्राउंड प्लेन अँटेना उभी करा. दोन मीटरला प्रत्येक काडी साधारण अर्ध्या मीटरची लागते, सायकलच्या जुन्या स्पोक जोडूनही बनते. उद्या सकाळी मी असेन. कॉलसाइन द्या, मी घेतो तुम्हाला. सेव्हन थ्री (शुभेच्छा).