शाप खराच निघाला तर अन्यायाचं काय उरतं?

उंबरठा

डार्क फँटसीत, म्हणजे भयाकडे झुकणाऱ्या अद्भुतकथांत, सध्या एक साचा भलताच चालतोय. धुक्यातलं शहर, वर मनोऱ्यांत राहणारे जादूवाले सरदार, खाली गटाराकाठची वस्ती, आणि त्या वस्तीतल्या माणसांचे आत्मे जाळून वरचे दिवे पेटतात. पुस्तकाच्या पाठीवर लगेच 'विषमतेवर जळजळीत भाष्य' हा शिक्का. माझा आक्षेप त्या शिक्क्याला आहे.

जन्मावरून ठरणारी उच्चनीचता ही थाप आहे. कुणाच्याही रक्तात विटाळ नसतो, तरी लोक पिढ्यानपिढ्या त्या थापेवर वाडे बांधून राहतात. खरी भयकथा ती आहे. हे लेखक काय करतात, तर ती थाप स्वतःच्या हाताने खरी करून ठेवतात. वस्तीतल्या पोरात खरंच राक्षस दडलेला असतो, त्याच्या स्पर्शाने खरंच कातडी जळते. मग त्याला वेशीबाहेर ठेवणारे क्रूर कुठे राहिले? ते तर सावध ठरले!

देवाचंही तेच. गाभाऱ्यात जिताजागता देव बसलाय, दर अमावास्येला बळी मागतोय, नाही दिला तर पीक करपतंय. अशा गोष्टीतला पुजारी म्हणजे निरोप पोचवणारा कारकून. एरवी पुजाऱ्याची भीती वाटते ती तो न बोलणाऱ्याच्या वतीने बोलतो म्हणून.

आणि वस्तीतून वर आलेला नायक शेवटी निघतो कोण? हरवलेला राजपुत्र. त्यावर तर बोलायलाच नको.

रातकिडा

साफ असहमत. एन. के. जेमिसिन यांची 'ब्रोकन अर्थ' ही कादंबरी-त्रयी वाचा. पहिला भाग २०१५चा. २०१६ ते २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षं तिन्ही भागांना ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीचा पुरस्कार मिळाला. त्यात धरणीकंप थांबवू आणि घडवू शकणारी माणसं आहेत, ओरोजीन. ती धोकादायक आहेत हे लेखिका अजिबात लपवत नाही. बिथरलेलं पोर भोवतालची ऊब ओढून घेतं आणि शेजारी उभा असलेला गोठून मरू शकतो.

आता दमाया नावाच्या ओरोजीन मुलीचा प्रसंग बघा. तिला घरून न्यायला आलेला रक्षक शाफा तिला घोड्यावर आपल्याबरोबर बसवतो, प्रेमाने गोष्ट सांगतो, आणि मग शांतपणे तिचा हात मोडतो. वेदनेतही तिला स्वतःला आवरता येतं का, ते बघायला. वर सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे वाचून 'रक्षक सावध होता हो' असं कुणी म्हणून दाखवावं!

निरुपद्रवी असलात तरच तुम्हाला माणसासारखं वागवू, ही अट आली कुठून? लेखिका जुलूम करणाऱ्यांच्या हातात सगळ्यात भक्कम सबब देते आणि तरी त्यांना सोडत नाही. मला ही जास्त अवघड लढाई वाटते.

तिरकस

जेमिसिन एकच. हरवलेले राजपुत्र पोत्याने.

उंबरठा

@रातकिडा, तिन्ही भाग वाचलेत. त्यांवरच्या गप्पाही आठवतात. कुणीतरी हमखास म्हणतंच, "हाल करणं वाईटच, पण अशा पोरांचा काहीतरी बंदोबस्त नको का?" वाचक नकळत बंदोबस्तवाल्यांत जाऊन बसतो.

उलट उर्सुला ले ग्विन यांची १९७३ची ओमेलासची कथा घ्या. सुखी शहर, आणि एका तळघरात कोंडलेलं दहाएक वर्षांचं मूल. ओलसर मातीची जमीन, गंजलेली बादली, तिच्याजवळ कडक झालेले, घाण वास मारणारे दोन मॉप. मुलाला त्या मॉपची भीती वाटते. डोळे मिटले तरी ते तिथेच आहेत हे त्याला माहीत असतं. त्याच्यात शक्ती नाही, शाप नाही, काहीही नाही.

मृगजळ

थांबा, थांबा. ओमेलासमधली अटही खरीच आहे की. मुलाला उजेडात आणून न्हाऊ-माखू घातलं तर त्याच घटकेला शहराचं सुख संपणार. म्हणजे तुमच्याच न्यायाने ओमेलासचे नागरिक सावध, आणि दाराला कुलूप घालणारा कारकून!

उंबरठा

फरक आहे, आणि मोठा आहे. तिथे खोट मुलात नाही, करारात आहे. हेच मूल का, याचं कारण कथा देतच नाही. त्यामुळे ते बघायला आलेल्याला 'याच्यातच काहीतरी वाईट आहे' म्हणून सुटता येत नाही, स्वतःच्या सुखाचा हिशेब मांडावा लागतो. काही जण रडून घरी जातात, काही शहर सोडतात. माझी मागणी एवढीच आहे. शाप घालायचाच तर व्यवस्थेला घाला, माणसाच्या अंगात नको.

रातकिडा

मग 'ब्रोकन अर्थ'च्या पहिल्या भागातलं नोड स्टेशन, भूकंप शमवायचं ठाणं, कसं विसरलात? खुर्चीला जखडलेलं लहान पोर, मेंदूची शस्त्रक्रिया करून बाकी सगळं मारून टाकलेलं, भूकंप शमवण्याची उपजत क्रिया तेवढी शिल्लक. त्याच्या जिवावर रस्ते आणि शहरं शाबूत. म्हणजे ओरोजीन धोकादायक आहेत म्हणून कोंडलेले नाहीत, उपयोगी आहेत म्हणून कोंडलेले आहेत. धोका ही चारचौघांत सांगायची सबब. तुमच्या 'बंदोबस्त हवा' म्हणणाऱ्या वाचकाने हेच प्रकरण चाळून सोडलं असणार. त्याचा दोष लेखिकेच्या माथी का?

मृगजळ

+१. 'आम्ही यांना घाबरतो' आणि 'यांच्यावाचून आमचं चालत नाही' हे जिथे एकाच वाक्यात येतं, तिथे विषमता बरोबर पकडलेली असते. बहुतेक साचेबद्ध पुस्तकांत फक्त पहिला अर्धा असतो.

सांजवात

देवाचा मुद्दा सगळ्यांनी वाऱ्यावर सोडला. माझी तक्रार उंबरठांपेक्षा वेगळी आहे. या प्रकारातले देव एकतर भुकेलं जनावर असतात नाहीतर प्रेत, आणि भक्त म्हणजे ठार मूर्ख. सहाशेव्या पानावर नायिका देवाच्या छातीत तलवार खुपसते, घंटा थांबतात, संपलं. याला आध्यात्मिक आशय म्हणायचं? ही शिकार झाली.

तुकोबा 'माझे लेखी देव मेला' म्हणतात तेव्हा ते हादरवतं, कारण म्हणणाऱ्याचा अख्खा जन्म त्या देवात गेलाय. चोखोबा दाराबाहेर उभे राहून आतल्याशीच भांडतात. वस्तीतलं असं पात्र मला डार्क फँटसीत हवंय, ज्याची श्रद्धा सुटत नाही आणि जाब विचारणंही थांबत नाही. अंधार तिथे आहे. रक्ताच्या थारोळ्याचं वर्णन कुणीही करतं.

निरीश्वर

ऐकायला गोड आहे, पण जाब विचारून दार उघडलं का? चोखोबांची समाधी पायरीपाशीच राहिली. पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. प्रत्यक्षात एवढा उशीर झाला, तर गोष्टीत तरी तलवार चालू द्या की. काल्पनिक देवाची एवढी काळजी कशाला?

सांजवात

ज्यांचं उदाहरण दिलंत, ते साने गुरुजी स्वतः श्रद्धाळू होते. माझं पात्र तुम्हीच आणून दिलंत, धन्यवाद. त्यांच्यासारखा माणूस त्या धुक्यातल्या शहरात टाका आणि बघा, लेखकाला तलवार सुचते का.

निरीश्वर

सुचेल. आणि ती आधी त्या माणसावर चालेल. प्रकारच तसा आहे.

तिरकस

'तुंबाड' (२०१८) हा सिनेमा कुणालाच आठवू नये? त्यातल्या हस्तर या देवाने आधी सोनं घेतलं, मग धान्यावर झडप घातली तेव्हा बाकीच्या देवांनी त्याला ठेचला. त्याच्या आईने, देवीने, वाचवलं ते या अटीवर की त्याची पूजा कधीच होणार नाही. पुढे सिनेमाचा नायक विनायक पिठाच्या बाहुल्या घेऊन खाली उतरतो आणि त्याच्या लंगोटातून सुटणाऱ्या मोहरा गोळा करतो. भुकेला देव तळाला कोंडलेला, वर माणूस चैनीत. घ्या, शाप देवाच्या अंगात आणि हाव माणसाच्या. आता बसवा तुमच्या नियमात.

उंबरठा

हस्तरला तळाचा कसा म्हणता? सगळं सोनं आधी त्यानेच उचललं होतं. फार तर पदच्युत सरदार म्हणा.

तिरकस

ही झाली त्याला ठेचणाऱ्यांची बाजू. त्याची जबानी कुणी घेतली?