मित्रदेशांशी डिजिटल व्यापार करार: भारताने बोलणीला बसावं की थांबावं?

निफाडकर

गेल्या हंगामातली गोष्ट सांगतो. थॉमसन द्राक्षांचा कंटेनर न्हावा शेव्यातून नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरासाठी सुटला होता. सहाव्या दिवशी पॅकहाउसमधल्या पोराने फाइल चाळताना पाहिलं, फायटो सर्टिफिकेटवर (माल रोगकीडमुक्त असल्याचा सरकारी दाखला) कंटेनर नंबरातले दोन आकडे उलटे पडलेत. 47 च्या जागी 74. माल चोख, रेसिड्यू रिपोर्ट (फवारणीच्या औषधांच्या अंशाचा अहवाल) चोख, प्लॉट नोंदणीपासून सगळं ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यात द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर. तरी त्या एका कागदासाठी तीन दिवस खेटे घातले, दुरुस्त प्रत मिळवली आणि शिक्क्याची शाई वाळायच्या आत कुरिअरच्या पाकिटात घातली. पाकीट वेळेत पोचलं. नसतं पोचलं तर बंदरावरचं भाडं आमच्या डोक्यावर बसलं असतं आणि तोवर देठ सुकले असते. सुकल्या देठाच्या द्राक्षाला काय भाव मिळतो हे इथे कुणाला सांगायला नको.

म्हणून हा विषय काढतोय. चिली, न्यूझीलंड आणि सिंगापूर यांनी जून 2020 मध्ये डेपा नावाचा डिजिटल अर्थव्यवस्थेचा करार केला. 2024 मध्ये दक्षिण कोरियाही त्यात आला. व्यापाराची कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मान्य करायची, एका देशाचं ई-इनव्हॉइस दुसऱ्या देशाच्या यंत्रणेला वाचता यावं, अशी कामं त्यात आहेत. यातलं चिली हे नाव नीट वाचा. आपला हंगाम ऐन भरात असतो तेव्हा परदेशच्या बाजारात आपल्या पेटीशेजारी त्यांची पेटी असते.

आपण मात्र सप्टेंबर 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या बैठकीत, अमेरिकेच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इंडो-पॅसिफिक आर्थिक चौकटीच्या व्यापार विभागातून बाहेर राहिलो. डिजिटल व्यापाराचे नियम नेमके त्याच विभागात ठरायचे होते. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाबरोबर आपण मलबारसारखे नौदल सराव करतो. मग एकमेकांचा इलेक्ट्रॉनिक कागद मान्य करायला काय हरकत? माझं मत स्पष्ट आहे: बसायला हवं, आणि लवकर.

सातपूरकर

दादा, तुमचा त्रास खरा आहे, पण तुम्ही त्यावर सुचवलेलं औषध वेगळ्याच दुखण्याचं आहे. रॉटरडॅम युरोपीय संघात येतं. युरोपीय संघ ना डेपात, ना इंडो-पॅसिफिक चौकटीत. फायटोपुरतं बोलायचं तर वनस्पती संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली ई-फायटोची देवाणघेवाण करणारी यंत्रणा आधीच आहे. त्यासाठी डेटाची कलमं गळ्यात बांधून घ्यायची गरज नाही.

या करारांत कागदाचं कलम गोड असतं, त्यामागून बाकीची येतात. पहिलं, इलेक्ट्रॉनिक मार्गाने येणाऱ्या मालावर सीमाशुल्क लावायचं नाही. जागतिक व्यापार संघटनेत ही सवलत 1998 मध्ये सुरू झाली आणि मंत्रीस्तरीय बैठकांत तिच्यावरून ओढाताण होत आली. भारत आणि दक्षिण आफ्रिका महसुलाचं नुकसान सातत्याने मांडत आलेत. हीच गोष्ट आपण करारात लिहून दिली की पुढच्या पिढीचा हात कायमचा बांधला. दुसरं, डेटा देशातच ठेवायची सक्ती करायची नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये पेमेंटचा डेटा भारतातच साठवायला लावला. असं कलम मान्य केलं असतं तर तो आदेश काढताना दहा वेळा विचार करावा लागला असता.

आणि मित्रांचं म्हणाल तर अमेरिकेने स्वतःच ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत डेटाचा मुक्त प्रवाह असावा आणि सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) उघड करायची सक्ती नसावी, या मागण्यांचा पाठिंबा काढून घेतला. ज्यांनी हे नियम 2019 मध्ये जपानबरोबरच्या करारात लिहिले, तेच मागे सरले. आपण 2022 मध्ये घाई केली असती तर आज कुठे उभे असतो?

इंदिरानगर_आयटी

सातपूरकर सर, एक बाजू राहून गेली. आमची पंधरा जणांची कंपनी आहे, काम ऑस्ट्रेलियातल्या दोन ग्राहकांचं. त्यांचा डेटा इथे आला नाही तर आम्ही काय करायचं? डेटा अडवण्याचा हक्क आपण मागितला की समोरचाही तोच मागतो. डेटाच्या बाबतीत भारत घेणाराच आहे असं धरून चालतो आपण, पण सेवा निर्यातीत आपण देणारे आहोत.

करार काय करतो ते आम्ही अनुभवलंय. एप्रिल 2022 च्या भारत-ऑस्ट्रेलिया कराराबरोबर त्यांनी आपला करकायदा बदलला आणि इथे बसून तिकडच्या ग्राहकाला दिलेल्या तांत्रिक सेवांवर तिथे लागणारा कर गेला. त्यासाठी भारत कित्येक वर्षं मागे लागला होता. समोर बसल्याशिवाय ते झालं नसतं.

लासलगावकर

मी कांद्याचा माणूस, मला सोर्स कोडबद्दल बोलायचंय. जुना काटा असायचा तेव्हा शेतकरी वाकून दांडी बघायचा. आता इलेक्ट्रॉनिक काटा. वैधमापनशास्त्र विभागाचं सील बाहेरून दिसतं, आत सॉफ्टवेअर काय करतंय ते कोण बघणार? उद्या परदेशी बनावटीच्या काट्याचा किंवा प्रतवारीच्या कॅमेऱ्याचा कोड तपासायचा म्हटलं आणि करार आडवा आला, तर ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसाने दाद कुठे मागायची? ब्रिटनबरोबर 24 जुलै 2025 ला सही झाली त्यात सोर्स कोडचं कलम आलंच आहे. अपवाद ठेवलेत म्हणतात. पण अपवाद वापरायला वकील लागतो.

निफाडकर

सातपूरकर, रॉटरडॅमचा मुद्दा मान्य. तो कंटेनर डेपाने वाचला नसता. पण ई-फायटो हा एकच कागद झाला. इनव्हॉइस, मूळस्थानाचा दाखला, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) हे सगळं वेगवेगळ्या टेबलांवरून फिरतं आणि त्यांचं एकमेकांशी जुळणं करारातूनच येतं.

लासलगावकर, तुमची काट्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, माझाही माल काट्यावरच जातो. म्हणूनच डेपा बघा म्हणतोय. त्यात सोर्स कोडचं कलम नाही. डेटाची दोन कलमं आहेत, सीमेपार पाठवण्याचं आणि सर्व्हर कुठे ठेवायचा त्याचं, पण ती तंट्याच्या प्रक्रियेतून वगळलेली आहेत. म्हणजे त्यावरून आपल्याला कुणी लवादापुढे खेचू शकत नाही. आपणही संयुक्त अरब अमिरातीबरोबर 2022 मध्ये असंच केलं: डिजिटल व्यापाराचा अध्याय घेतला आणि तो तंटा निवारणाच्या बाहेर ठेवला. हे आपल्याला जमतं. घरात बसून मात्र जमत नाही. मसुदा लिहिला जात असताना जो खोलीत नसतो, त्याला पुढे छापील मसुदा हातात मिळतो.

सातपूरकर

अमिरातीचा नमुना मला चालेल, हे मोकळेपणाने सांगतो. पण डेपात सीमाशुल्काचं कलम आहेच, आणि ते त्या वगळलेल्या यादीत नाही. आज सिनेमा, गेम, सॉफ्टवेअर सगळं तारेतून येतं. उद्या थ्रीडी प्रिंटरचा आराखडाही तारेतून येईल आणि नाशिकच्या अंबडमधला सुटे भाग बनवणारा कारखानदार विचारेल, माझ्या आयात पोलादावर शुल्क आणि त्या आराखड्यावर शून्य का? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, मी वाचायला तयार आहे.

निफाडकर

त्या कारखानदाराला द्यायला पूर्ण उत्तर माझ्याकडेही नाही. मी एवढंच मागेन की ते शुल्क ठरावीक वर्षांपुरतं सोडावं, मुदतीनंतर फेरविचाराची अट आधीच लिहून घ्यावी, आणि कागदांचं प्रकरण त्याची वाट न बघता आधी लागू करावं. ऑक्टोबर छाटणी झाली की आमचे प्लॉट पुन्हा नोंदवायचे असतात. यंदाही प्रत्येक कंटेनरमागे छापील प्रतींचा गठ्ठा जाणार, त्याची तयारी सुरू केलीय.