लष्करी चौकशीतला ‘होक्स’: अफवा, थाप की बनाव?

अनुवादिका
उडत्या तबकड्यांच्या लष्करी चौकश्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. अडले ती मोरी बेटाच्या प्रकरणापाशी. जून १९४७, अमेरिकेतल्या टॅकोमा शहराजवळची खाडी. हॅरल्ड डाल म्हणाला, आकाशात सहा वस्तू दिसल्या, एकीतून तापलेले तुकडे नावेवर पडले, कुत्रा मेला. चौकशीला कॅप्टन डेव्हिडसन आणि लेफ्टनंट ब्राऊन आले. परतताना १ ऑगस्टच्या पहाटे त्यांचं बी-२५ विमान केल्सोजवळ कोसळून दोघेही गेले. सगळा प्रकार खोटा ठरला. मूळ लेखात त्याला ‘होक्स’ (hoax) म्हटलंय. मी ‘थाप’ लिहिलं, संपादकांनी ‘अफवा’ केलं. मला पटत नाही. अफवा कुणी सुरू केली ते कळत नाही. इथे सांगणारा माणूस समोर आहे.

कोशवाचक
अफवा नाहीच. बनाव! आपल्याकडे चोरीचा बनाव रचतात, तसाच हा.

कृष्णाकाठ
बनावात काहीतरी मांडून ठेवावं लागतं. सप्टेंबर १९६७ मध्ये फार्नबरोच्या विद्यार्थ्यांनी दक्षिण इंग्लंडमध्ये एका ओळीत सहा खोट्या तबकड्या ठेवल्या आणि पोलीस, लष्कर सगळे धावले. तो बनाव. डालने नुसतं सांगितलं, म्हणून थापच. लोणकढी थाप म्हणा हवं तर.

अनुवादिका
नुसतं सांगितलं नाही हो. त्याचा साथीदार क्रिस्मन याने अधिकाऱ्यांच्या हाती तुकड्यांची पेटी दिली. धातू वितळवताना भट्टीत उरते ती मळी होती. आणि दोन माणसं मेल्यावर ‘लोणकढी’ लिहायला माझा हात धजत नाही. त्या शब्दात गंमत आहे.

वाऱ्यावरची
‘वावडी’ कुणालाच का आठवत नाही? वावडी म्हणजे मोठा पतंग. आमचे आजोबा पतंगाला वावडीच म्हणत. ‘वावड्या उठवणे’ तिथूनच आलं असणार. आकाशातल्या खोट्या गोष्टीला आकाशातलाच शब्द!

कोशवाचक
व्युत्पत्ती गोड आहे, पण वावडी पुन्हा अफवेकडेच जाते. शिवाय मुळात ‘उडती तबकडी’ हीच चूक आहे. जून १९४७ मध्ये केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाने आकाशात दिसलेल्या वस्तूंच्या चालीचं वर्णन केलं होतं, पाण्यावर भिरकावलेली बशी उसळत जाते तसं. वर्तमानपत्रांनी त्याचा आकार करून टाकला. आपण ती चूक जशीच्या तशी उचलली. अज्ञात उडती वस्तू लिहा.

कृष्णाकाठ
मग ‘रेडिओ’लाही नभोवाणी म्हणत बसा. तबकडी रुळली आहे. ग्रामोफोनची तबकडी घराघरात माहीत होती, म्हणून लोकांना शब्द पटकन कळला. हिंदीवाल्यांनी तश्तरी घेतली, त्यांच्याकडे कुणी तक्रार करत नाही.

माजी सैनिक
‘अज्ञात’ला माझा विरोध आहे. अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक या तबकड्यांच्या चौकशी प्रकल्पात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या, त्यांपैकी ७०१ची ओळख पटली नाही. ‘अज्ञात’ म्हटलं की वाचक लगेच परग्रहावर पोचतो. ‘ओळख न पटलेली’ म्हणा, मृतदेहाबद्दल म्हणतो तसं. लडाखमध्ये आपल्या जवानांनी चिनी ड्रोन समजून ज्या प्रकाशांची नोंद ठेवली, ते गुरू आणि शुक्र असल्याचं २०१३ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी दाखवलं. त्याला थाप म्हणाल? बनाव? सीमेवर रात्र रात्र जागून केलेली प्रामाणिक नोंद आहे ती.

वाऱ्यावरची
दादा, मान्य. त्याला ‘चकवा’ म्हणते मी. रानात वाट चुकवतो तो.

माजी सैनिक
चकवा नको, त्यात भुताटकी येते. ‘ओळखण्यातली चूक’ पुरे.

अनुवादिका
ताई, दादा, माझा शब्द राहिलाच. शीर्षकात ‘मोरी बेटाचा बनाव’ आणि मजकुरात ‘थाप’ असं चालेल का?

कोशवाचक
एका लेखात एकच शब्द हवा. आणि मजकुरात ‘अमेरिकी हवाई दलाचे अधिकारी’ लिहिलं असेल तर तेही तपासा. १ ऑगस्टला हवाई दल लष्करापासून स्वतंत्र झालं नव्हतं, ते सप्टेंबर १९४७ मध्ये झालं.

माजी सैनिक
मग ‘लष्करी हवाई दल’ लिहावं.

कृष्णाकाठ
‘लष्करी हवाई दल’ कुणाला कळणार? सरळ ‘लष्कराची विमान शाखा’ म्हणा.